कमोडोर ६४ ची पेट्सकी चित्रं युनिकोडमध्ये कशी जपायची

कोणाकडे कमोडोर ६४ या १९८० च्या दशकातल्या घरगुती कॉम्प्युटरच्या डिस्क इमेज (जुन्या फ्लॉपीच्या जशाच्या तशा कॉपी) पडून असतील तर त्यातली पेट्सकी चित्रं, म्हणजे कमोडोरच्या स्वतःच्या अक्षर-चिन्हांच्या संचातून बनवलेली चित्रं, नुसती स्क्रीनशॉट काढून ठेवू नका, ती युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सगळ्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाणित कोडमध्ये आणा, स्क्रीनशॉटमध्ये सर्च होत नाही, कॉपी होत नाही आणि कुठल्या जागी कुठलं अक्षर होतं हेच हरवतं.

आधी हातात काय आहे ते बघा. फाइलमधले पेट्सकी कोड वेगळे आणि स्क्रीन मेमरीतले स्क्रीन कोड वेगळे, म्हणजे 'ए' पेट्सकीत ६५ पण स्क्रीन कोडमध्ये १, इथे गल्लत झाली की पुढचं सगळं चुकत जातं. मेमरी डंप (चालू मशीनच्या मेमरीची कॉपी) असेल तर साधारणपणे १०२४ या पत्त्यापासून १००० बाइट घ्यायचे, ४० कॉलम गुणिले २५ ओळी. दोन कॅरेक्टर सेटपैकी (एक कॅपिटल अक्षरं आणि चित्रचिन्हांचा, दुसरा स्मॉल-कॅपिटल अक्षरांचा) कुठला चालू होता तेही लिहून ठेवा, कारण १९३ हा एकच पेट्सकी कोड एका सेटमध्ये ♠ आणि दुसऱ्यात कॅपिटल ए.

मग मॅपिंग, म्हणजे कुठल्या जुन्या कोडसाठी युनिकोडचं कुठलं चिन्ह ते ठरवणं. ♠ ♥ वगैरे युनिकोडमध्ये आधीपासून आहेत, जे नव्हते त्यातले बरेचसे मार्च २०२० ला युनिकोड १३ च्या 'सिम्बॉल्स फॉर लेगसी कम्प्युटिंग' ब्लॉकमध्ये आले, एकूण २१२ चिन्हं. टेबल स्वतः बनवत बसू नका, ही चिन्हं युनिकोडमध्ये घेण्यासाठी दिलेल्या एल२/१९-०२५ या प्रस्तावाबरोबर मॅपिंग फाइल्स आहेत त्याच वापरा.

रंग आणि रिव्हर्स (अक्षर आणि मागचा रंग यांची अदलाबदल) मात्र युनिकोडमध्ये बसत नाहीत. पेट्सकीत १८ ने रिव्हर्स चालू, १४६ ने बंद, हे एएनएसआय एस्केप कोडने, म्हणजे टर्मिनलला रंग वगैरे सांगणाऱ्या खुणांनी लिहा. आणि मूळ बाइट्सची फाइल कृपा करून डिलीट करू नका, ९६ ते १२७ आणि १९२ ते २२३ हे पेट्सकी कोड स्क्रीनवर एकच चिन्हं दाखवतात, त्यामुळे युनिकोडवरून मूळ कोड कुठला होता ते परत कळत नाही.

सेव्ह यूटीएफ-८ (युनिकोड फाइलमध्ये साठवायची पद्धत) मध्येच करा. नव्या ब्लॉकचं प्रत्येक चिन्ह ४ बाइटचं, मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये टाकणार असाल तर यूटीएफ८एमबी४ लागेल, जुन्या ३ बाइटवाल्या यूटीएफ८ मध्ये ते मावत नाही. दाखवताना युनस्की किंवा कॅस्केडिया कोड फॉन्ट घ्या, लाइन हाइट १ ठेवा, नाहीतर ओळींमध्ये फटी पडून चित्र तुटतं.

आपल्याकडे १९८४ च्या क्लास (शाळांत कॉम्प्युटर शिकवायच्या सरकारी) प्रोजेक्टमध्ये शाळांत बीबीसी मायक्रो हे कॉम्प्युटर आले होते, कोणाकडे त्यांच्या मोड ७ च्या (टीव्हीवरच्या टेलिटेक्स्टसारख्या) स्क्रीन असतील तर त्याही जपा! त्यातल्या २×३ ठोकळ्यांचे ६४ प्रकार होतात, रिकामा, भरलेला, डावा अर्धा आणि उजवा अर्धा आधीच होते म्हणून युनिकोड १३ मध्ये फक्त ६० नवे घेतले. सुटे सुटे दिसणारे ठोकळे २०२४ च्या युनिकोड १६ मध्ये आलेत, त्यामुळे त्यांच्यासाठी फॉन्ट नवीन व्हर्जनचाच घ्या.