दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी डबे काढायचे

दसरा ते लक्ष्मीपूजन हातात 20 दिवस असतात. या 20 दिवसांत काम पसरून केलं तर दिवाळी खर्चात बसते. शेवटच्या चार दिवसांत कोंबलं की त्याच फराळाला जास्त पैसे जातात, कारण घाईत समोर दिसेल ते आणि मागतील त्या भावाने उचललं जातं. फराळाला कात्री लावून काटकसर करणं मला पटत नाही. मुलांनी वर्षभर ज्या चकलीची वाट पाहिली ती मोजून द्यायची वेळ येऊ नये, म्हणून ही यादी.

पहिलं काम दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. सकाळचं आवरलं की स्वयंपाकघरातले झाडून सगळे डबे खाली काढायचे. माळ्यावरचे, फळीवरचे, फ्रीजच्या डोक्यावरचेही. दुकानाची यादी त्यानंतर. गणपतीत आणलेला रवा निघतो, कुठल्या तरी डब्यात पाव किलो डाळं निघतं, नवरात्रातले शेंगदाणे निघतात, खसखशीची अर्धी पुडी निघते. प्रत्येक डब्याचा वास घेऊन बघायचा. रव्याला जाळी धरली असेल तर तो टाकायचा, नुसता दमट असेल तर चाळून कोरडा भाजायचा आणि लाडवाला आधी तोच घ्यायचा. खवट खोबरं मात्र कशातही लपत नाही, त्याचा मोह नको. मग कागदावर दोन रकाने करायचे, ‘आहे’ आणि ‘आणायचं’.

ही सवय लागली ती ह्यांचा बोनस दिवाळी उलटून गेल्यावर हातात आला त्या वर्षी. मी हवालदिल झाले होते. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, काही न बोलता एकेक डबा ओट्यावर मांडायला सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत आम्हाला कळलं की विकत आणायचं आहे ते तेल, पोहे, मैदा आणि साखर, एवढंच. त्या दिवाळीत आमच्याकडे येऊन गेलेल्या एकाही पाहुण्याला काही कमी जाणवलं नाही.

दुसरं काम माणसं मोजायचं. घरातली पाच, भाऊबीजेला येणारी सात, शेजारी द्यायची ताटं सहा, आणि झाडलोट करणाऱ्या मावशी, वॉचमनकाका, पेपरवाला यांच्या पिशव्या. या पिशव्या यादीत सर्वांत वर लिहायच्या. शेवटी उरेल ते द्यायचं म्हटलं की चुरा आणि मोडक्या चकल्या त्यांच्या वाट्याला जातात, ते बरोबर नाही. एवढ्या माणसांना आमच्याकडे 1 किलो पातळ पोह्यांचा चिवडा, किलोभर भाजणीच्या चकल्या आणि अर्धा किलो बेसनाचे लाडू पुरतात. अर्धा किलो बेसनाला पाव किलो तूप धरलं की मध्यम आकाराचे 25 ते 30 लाडू होतात. शंकरपाळ्यांना एकेक वाटी दूध, साखर, तूप आणि मावेल तेवढा मैदा, साधारण 5 वाट्या. करंज्या 30. शेव थोडी, कारण आमच्याकडे ती शेवटी तशीच राहते. तुमच्या घरी काय उरतं ते आठवा आणि तो पदार्थ निम्मा करा.

वाणसामान एकटीने आणू नये. आम्ही तिघी शेजारणी मिळून तेलाचा 15 किलोचा डबा घेतो आणि वाटून घेतो. ज्यांची वर्षभराची दिवाळी भिशी असते त्यांनी भिशीच्या सामानात काय काय येणार हे आधी विचारून घ्यावं, नाहीतर साखर दुप्पट होते. तुपासाठी गणपतीपासूनच साय साठवायला लागायचं. दिवाळीच्या आठवडाभर आधी लोणी कढवलं की लाडवाचं तरी तूप घरचं निघतं. तळाची बेरी टाकायची नाही, शंकरपाळ्यांच्या पिठात मळायची. खमंगपणा येतो आणि मोहनाचं तूपही थोडं वाचतं.

अनारशाचं पीठ कोजागरीला तयार हवं. द्वादशीला जुना तांदूळ भिजत घालायचा, तीन दिवस रोज पाणी बदलायचं, पौर्णिमेला उपसून सावलीत फडक्यावर पसरायचा. हाताला ओलसर लागतो आहे तोवरच वाटायचा आणि बारीक चाळणीने चाळायचा. पिठाच्या वजनाइतका चिरलेला गूळ आणि चमचाभर तूप घालून मळायचं, गोळे करून डब्यात ठेवायचे. हे पीठ मुरलं की सुधारतं, म्हणून घाई नको. अनारसे बाहेरून आणायचे तर खिशाला चांगलेच लागतात, घरी तांदूळ, गूळ, खसखस आणि तूप एवढंच.

तळायच्या दिवशी लहान कढई, बेताचं तूप आणि मंद आच. आधी एकच अनारसा सोडून बघायचा. खसखशीची बाजू वर. कडेने बारीक बुडबुडे येतात, मग मधे एकेक भोक उघडतं आणि बघता बघता जाळी पडते. झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं, उलटायचा नाही. अनारसा हसला, म्हणजे तुपात पसरून विरघळायला लागला, तर गोळ्यात थोडी कोरडी तांदळाची पिठी मिसळायची. जाळीच पडत नसेल तर पीठ घट्ट आहे, थोडं दूध किंवा पिकलं केळं कुस्करून घालायचं. तळून झाले की चाळणीत उभे करून ठेवायचे. खाली निथळलेलं तूप गाळून बेसन भाजायला घ्यायचं. म्हणून लाडू नेहमी अनारशांनंतर.

भाजणीचं माप आमच्याकडे 4 वाट्या तांदूळ, 2 वाट्या हरभरा डाळ, 1 वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी मूग डाळ, मूठभर धणे आणि दोन चमचे जिरे. धुऊन सावलीत वाळवायचं, एकेक धान्य वेगळं भाजायचं, कारण तांदूळ आणि उडीद डाळ एका वेळेला भाजून होत नाहीत. गिरणीत वसुबारसेच्या आधी निदान आठ दिवस जायचं, तेही सकाळी पहिल्या तासात. आधी काय दळलं हे विचारायचं. हरभऱ्यावर भाजणी चालते, गव्हावर नाही. गव्हाचं पीठ मिसळलं की चकली चिवट होते, आणि मग दोष बिचाऱ्या मोहनाला दिला जातो.

तळणीचा क्रम ठरलेला हवा, तेलाची खरी बचत तिथेच आहे. आधी करंज्या, मग शंकरपाळे, मग चकल्या, शेवटी शेव. चकली आणि शेवेचं पीठ तेलात उतरतं, तेल काळं पडतं, त्यात नंतर करंजी पांढरी राहत नाही. शंकरपाळे झाले की त्यातलंच थोडं तेल चिवड्याच्या फोडणीसाठी बाजूला काढायचं. करंजीच्या कातलेल्या कडा एकत्र मळून त्याच दिवशी शंकरपाळ्यांत ढकलायच्या. चकली विरघळली तर मोहन जास्त, कडक झाली तर कमी. बुडबुडे थांबत आले की ती झाली, रंगाची वाट बघायची नाही. सगळं झाल्यावर उरलेलं तेल गाळून आठवड्याच्या आत फोडणीला संपवायचं, पुन्हा तळायला नको.

चिवड्याबद्दल थोडं. एकदा रात्री 11 वाजता चिवडा झाला, सकाळी पाहुणे येणार होते, म्हणून मी तो कोमट असतानाच डब्यात भरून झाकण लावलं. सकाळी सगळा चिवडा मऊ. पुन्हा भाजून काही उपयोग झाला नाही, कढीपत्ता काळा पडला आणि खोबरं करपलं. किलोभर पोहे, शेंगदाणे, डाळं, सगळं वाया गेलं, आणि जास्त वाईट वाटलं ते आईंनी पातळ चिरलेल्या खोबऱ्याच्या कापांचं. तेव्हापासून चिवडा सकाळी करायचा, पोहे आदल्या दिवशी उन्हात, आणि परातीत पसरून पूर्ण गार झाल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही. मीठ आणि पिठीसाखर फोडणीत न घालता पोह्यांवर भुरभुरवायची.

परदेशी फराळ पाठवायचा असेल तर मात्र हे वेळापत्रक उपयोगाचं नाही, तो दसऱ्याच्या आतच कुरिअरला गेलेला बरा.

सफाईचं फार लिहीत नाही, ती सगळ्यांना येते. गाद्या-गोधड्यांना ऑक्टोबरचं ऊन फुकट मिळतं, ते सोडू नका. गेल्या वर्षीच्या पणत्या सोडा घातलेल्या गरम पाण्यात उकळल्या की नव्यासारख्या होतात. नव्या घ्याव्याच लागल्या तर आम्ही पुण्यात कसब्यातल्या कुंभारवाड्यात जातो, किल्ल्याचे मावळेही तिथेच मिळतात. नव्या पणत्या रात्रभर पाण्यात बुडवून वाळवायच्या, म्हणजे त्या तेल पीत नाहीत. आकाशकंदिलाचा बांबूचा सांगाडा जपून ठेवायचा आणि दर वर्षी कागद तेवढा नवा लावायचा. आमचा सांगाडा थोरलीच्या पहिल्या दिवाळीचा आहे, सासऱ्यांनी स्वतः कामट्या तासून बांधलेला. दोन ठिकाणी सुतळी बदलली आहे, बाकी तसाच आहे. किल्ल्यावर अळीव आठ दिवस आधी पेरायला मुलांना आठवण करायची.

वसुबारसेपर्यंत तळणीचं सगळं उरकलेलं हवं. धनत्रयोदशीचे धणे-गूळ घरातलेच. लक्ष्मीपूजनाच्या लाह्या-बत्तासे आणि केरसुणी दोन दिवस आधी आणायची, त्या दिवशी सकाळी नाही.

चतुर्दशीच्या आदल्या रात्री जेवणं झाली की मोरीच्या बाहेर पाट मांडून ठेवायचा. तेलाची वाटी, उटणं, कारीट आणि सगळ्यांचे टॉवेल नावानिशी एका जागी. नवे कपडे घडी मोडून खुर्चीवर. फराळाचं पहिलं ताट देवापुढे झाकून, त्यानंतर मावशींची, काकांची आणि पेपरवाल्याची पिशवी दाराजवळ, कारण हे तिघेही उजाडायच्या आत येतात. गजर 4 चा. आणि कंदिलाची वायर एकदा लावून बघायची.