कोरफडीचा गर: कोणत्या दाहावर लावावा, कोणत्या नाही

कुंडीतलं पान कापण्याआधी त्वचेला नेमकं काय झालंय ते पाहा, कारण कोरफडीचा पुरावा प्रत्येक त्रासासाठी वेगळा आहे.

सोरायसिसचंच, म्हणजे त्वचेवर खवल्यांचे लाल चट्टे उठणाऱ्या आजाराचंच घ्या. १९९६ साली ६० रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. ०.५ टक्के कोरफड-अर्काच्या क्रीमने ३० पैकी २५ जणांचे चट्टे गेले, नुसत्या क्रीमने फक्त २ जणांचे. हा आकडा आजही जाहिरातींत फिरतो. पण २००५ साली डेन्मार्कमध्ये ४१ रुग्णांच्या एका बाजूला कोरफडीचं जेल आणि दुसऱ्या बाजूला कोरफड नसलेलं जेल महिनाभर लावलं, तेव्हा कोरफडीने ७२.५ टक्के आणि दुसऱ्या जेलने ८२.५ टक्के जागा सुधारल्या! निम्म्याहून अधिक रुग्णांना किरकोळ त्रासही झाला, मुख्यतः त्वचा कोरडी पडण्याचा. म्हणून सोरायसिसमध्ये कोरफडीच्या भरवशावर औषध बंद करू नका. डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइडचं मलम तर अचानक मुळीच थांबवू नका.

वरवरच्या भाजण्यात चित्र बरं आहे. २००७ सालच्या एका आढाव्यात चार अभ्यासांतले ३७१ रुग्ण होते आणि कोरफडीने जखम साधारण नऊ दिवस लवकर भरल्याचं दिसलं. मात्र ते अभ्यास फारसे काटेकोर नव्हते. खोल जखमेवर गर लावू नका. १९९१ साली पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर उघड्या राहिलेल्या जखमांना कोरफड-जेलने भरायला सरासरी ८३ दिवस लागले, नेहमीच्या ड्रेसिंगने ५३.

आता गर काढण्याची रीत. झाडाचं खालचं, जाड, जुनं पान बुंध्याशी कापा. धुऊन, कापलेलं टोक खाली करून १५ मिनिटं उभं ठेवा. पिवळा चीक निथळेल. हाच चीक आटवून काळाबोळ करतात. त्यात अ‍ॅलोइन नावाचं द्रव्य असतं आणि त्यामुळे नाजूक त्वचेला खाज, पुरळ येऊ शकतं. कोरफड सोसत नाही म्हणणाऱ्या कित्येकांचं बिनसतं ते इथेच. नंतर दोन्ही कडांचे काटे कापा, साल जरा जाडच काढा, कारण चिकाच्या नळ्या सालीला लागूनच असतात. पारदर्शक गर पाण्याने दोनदा धुवा. पिवळट छटा उरली तर तो भाग टाकून द्या.

पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा, सात दिवस लावून बघा. एका दिवसात काही झालं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. अ‍ॅलर्जी उशिराही उठते. त्रास नसेल तर दुखऱ्या जागी पातळ थर द्या, २० मिनिटांनी साध्या पाण्याने धुवा आणि त्वचा ओलसर असतानाच व्हॅसलीन लावा. गरात सुमारे ९९ टक्के पाणीच असतं, ते उडालं की त्वचा ओढली जाते. हे शेवटचं काम बहुतेक जण टाळतात.

गरात लिंबू किंवा सोडा घालू नका, दाह वाढतो. उरलेला गर झाकणाच्या स्वच्छ बरणीत, फ्रिजमध्ये, फार तर दोन दिवस ठेवा. गुलाबी-तपकिरी झाला किंवा वास आला की फेका. विकतचं जेल घेताना घटकांची यादी वाचा: अल्कोहोल आणि सुगंध असलेलं नको.

लाली झपाट्याने पसरतेय, पू किंवा ताप आहे, डोळ्याजवळ सूज आहे किंवा मधुमेह्याच्या पायावर फोड आलाय, तर गर न लावता थेट डॉक्टर गाठा.