जपानमध्ये नाव विचाराल तेव्हा कांजीही विचारा

टोकियोतल्या निशिकासाईत नवं मराठी कुटुंब उतरलं की तूरडाळ कुठे मिळते, कुठला डॉक्टर इंग्रजी बोलतो, हे सांगायला व्हॉट्सॲपवर दहा जण तयार असतात. नावांबद्दल मात्र कोणी काही सांगत नाही. मग पाच-पाच वर्षं राहिलेली आपली माणसं शेजारणीला 'ती तिसऱ्या मजल्यावरची' म्हणत राहतात आणि वर 'जपानी लोक फार अलिप्त असतात' अशी तक्रार करतात. मला ही तक्रार मान्य नाही. इथल्या माणसाला त्याच्या नावाचा कांजी, म्हणजे ते लिहायची चिनी वळणाची अर्थ असलेली अक्षरं, विचारून बघा, तो किती बोलतो ते कळेल.

समजा, शेजारीण म्हणाली, "मी युको." तुम्हाला तिचं नाव अर्धंच कळलं. शेवटचा 'को' म्हणजे अपत्य, तो बहुधा ठरलेला. पण 'यु' कुठला? मायाळूपणाचा, समृद्धीचा, देवाच्या साहाय्याचा की संध्याकाळचा? उच्चार एक, कांजी वेगवेगळे, आणि आईवडिलांनी मनात धरलेली इच्छा त्या कांजीत असते. याच्या उलटही होतं. समृद्धीचा कांजी आणि 'को' लिहिलेलं नाव एका घरात युको असतं, दुसऱ्या घरात हिरोको. म्हणजे ऐकून अर्थ कळत नाही आणि वाचून उच्चार कळत नाही. जपान्यांनाही कळत नाही, म्हणून ते एकमेकांना सर्रास विचारतात. तुम्हीही विचारा: "दोन्ना कांजी देस् का?", म्हणजे 'कुठला कांजी?' यात आगाऊपणा काही नाही. समोरचा तळहातावर बोटाने रेघा काढून दाखवेल किंवा म्हणेल, "ताइयोमधला यो," म्हणजे 'सूर्य' या शब्दातला. फोनवरही असंच सांगतात.

थोडे कांजी ओळखीचे झाले की माणसं लक्षात राहायला लागतात. अकिरा नावाचा एक प्रचलित कांजी म्हणजे सूर्य आणि चंद्र शेजारी शेजारी: तेजस्वी. मिसाकी म्हणजे बऱ्याचदा सौंदर्य आणि उमलणं. तुमच्या मुलाच्या वर्गात हारुतो नक्की भेटेल. त्यात बहुधा सूर्यप्रकाश आणि भरारी असते. रेनही भेटेल, तो म्हणजे कमळ. इचिरो हा पहिला मुलगा, जिरो दुसरा, साबुरो तिसरा. युकी मात्र कुठलीही असू शकते. बर्फ, सुख, धैर्य, काहीही, आणि मुलगा की मुलगी तेही नावावरून सांगता येत नाही. तिथे अंदाज बांधूच नका.

नावावरून पिढीही कळते. शोवा, म्हणजे सम्राट हिरोहितोंचा काळ, 1926 च्या डिसेंबरात सुरू झाला आणि त्या कालनामातले दोन्ही कांजी मुलांच्या नावांत उतरले. काझुको नावाच्या आजी त्यामुळेच इतक्या दिसतात. त्यांचा 'काझु' बहुतेकदा शोवातला 'वा', म्हणजे सलोखा. युद्धाच्या वर्षांत विजय आणि शौर्याचे कांजी लोकप्रिय होते, मासारु आणि इसामु ही त्यातलीच नावं. अशा आजोबांना नावाचा अर्थ विचारलात तर उत्तर शांतपणे ऐका, स्वतःचं मत देऊ नका.

म्हाताऱ्या बायकांशी जास्त जपून बोला. त्यांच्यातल्या अनेकींच्या नावाला कांजीच नसतो, काताकानातली, म्हणजे नुसता उच्चार दाखवणाऱ्या लिपीतली, दोन अक्षरं असतात. तोमे आणि सुए ही जुनी नावं. तोमे म्हणजे थांबणं, सुए म्हणजे शेवट. आता पुरे, हे शेवटचं मूल, या विचाराने ठेवलेली. साताऱ्याकडच्या नकुशा आपल्याला माहीत आहेत, 2011 मध्ये तिथे अशा मुलींची नावं समारंभाने बदलली होती. तेव्हा अशा आजीने नावाबद्दल आपणहून सांगितलं नाही तर दुसऱ्यांदा विचारू नका. नव्या पिढीत हिरागानात, म्हणजे उच्चाराच्याच दुसऱ्या लिपीत, लिहिलेली साकुरा, हिनाता अशी नावं आहेत, त्यांच्याबाबत हा प्रश्न येत नाही.

हाक मात्र आडनावालाच 'सान' लावून मारायची. अर्थ कळला म्हणजे पहिल्या नावाने हाक मारायची मुभा मिळाली असं नाही.

आता माझा सगळ्यात आग्रहाचा मुद्दा. कोणाचं नाव लिहिताना कीबोर्डवर उच्चार टाइप करून पहिला येईल तो कांजी कधीही घेऊ नका. त्या माणसाच्या ईमेलमधून किंवा मेइशीवरून, म्हणजे व्हिजिटिंग कार्डावरून, तो जसाच्या तसा उचला. जुन्या वळणाचा कांजी असेल तर जुन्याच वळणाचा. चुकीच्या कांजीची मेल म्हणजे दुसऱ्याच माणसाला पाठवलेली मेल. कोणी तोंडावर बोलणार नाही, पण मनात नोंद होते. नवीन वर्षाच्या नेंगाजो कार्डांवर तर दोनदा तपासा.

आपल्या स्वतःच्या नावाची गोष्ट वेगळी. आपल्याला कांजी नाही, काताकाना आहे, आणि इथे मराठी माणसं पैशाने ठेच खातात. परदेशी रहिवाशाला मिळणाऱ्या रेसिडेन्स कार्डावर नाव रोमन लिपीत असतं, पण बँक, विमा, फोन, पगार हे सगळं काताकानावर चालतं. विवेक एकीकडे 'बिबेकु' होतो, दुसरीकडे 'व्हिव्हेकु'. ज्ञानेश्वरचं पासपोर्टावर 'डी'ने सुरू होणारं स्पेलिंग वाचून कोणी 'दुन्यानेश्वारु' लिहितं, तर कोणी ऐकून 'ग्यानेश्वारु'. बँकेतल्या आणि कंपनीतल्या नावात एका अक्षराचा फरक पडला की पगार खात्यात न जाता परत येतो. ओळखीच्या एका जोडप्याचा पहिला पगार असाच परत गेला, त्या महिन्याचं भाडं थकलं आणि घरमालकाच्या एजंटापुढे त्यांना आठवडाभर हात जोडावे लागले. म्हणून पहिल्याच दिवशी, कुयाकुशोत, म्हणजे वॉर्ड ऑफिसात, पत्ता नोंदवायला जाण्याआधी, नावाचा काताकाना एकदाच ठरवा. कागदावर लिहा, फोटो काढा, नवऱ्याला, बायकोला पाठवा. मग प्रत्येक फॉर्मवर अक्षर न् अक्षर तेच. लांब स्वराची आडवी रेघही तीच. बँकेत कारकुनाने स्वतःच्या मनाने लिहिलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या, 'चालेल' म्हणू नका. हे अजिबात चालत नाही.

शिवाय पासपोर्टावर वडिलांचं नाव बऱ्याचदा आपल्या नावाच्याच रकान्यात असतं. बालवाडीत मुलीला तिच्या बाबांच्या नावाने हाक मारल्याचं मी पाहिलंय. तिला काय म्हणायचं ते बाईंना लिहून द्या. लांब नावाचं छोटं रूप वापरायला हरकत नाही. 2019 मध्ये एदोगावा वॉर्डातून निवडून आलेले आपले योगेंद्र पुराणिक इथे 'योगी' म्हणूनच ओळखले जातात. फक्त बँकेत पूर्ण नाव.

हौसेने स्वतःच्या नावाला कांजी लावून सहीच्या जागी मारायचा शिक्का करून घेणारेही भेटतात. दुकानदार उच्चाराला जुळणारे कांजी निवडतो, अर्थ कसाही निघतो. शोभेची वस्तू म्हणून ठेवा. बँकेत काताकानाचा साधा शिक्का न्या.

बाळ इथे होणार असेल तर नाव ठरवताना त्याचा जपानी कानाला काय अर्थ लागतो ते आधी विचारून घ्या. उमा म्हणजे घोडा, सई म्हणजे गेंडा, ईशा ऐकून डॉक्टर आठवतो आणि हेमा म्हणजे गफलत. ही नावं ठेवूच नका असं मी म्हणत नाही, पण शाळेत मुलं काय म्हणतील ते माहीत असू द्या. माया, मीना, रीना, सारा दोन्हीकडे सहज खपतात.

आईबाबा दोघंही भारतीय असतील तर बाळाचं नाव काताकानात नोंदतात. दोघांपैकी एक जपानी असेल तर बाळ कोसेकीत, म्हणजे जपानी नागरिकांच्या कुटुंब-नोंदवहीत, जातं, आणि तिथे कांजी ठरावीक यादीतलेच लागतात: 2136 नेहमीचे आणि 863 खास नावांसाठीचे. हिरागाना, काताकानाही चालतो, रोमन लिपी नाही. कांजी यादीत आहे एवढ्यावरही भागत नाही. 1993 मध्ये टोकियोच्या पश्चिमेकडच्या अकिशिमा शहरात एका जोडप्याने मुलाचं नाव 'अकुमा', म्हणजे सैतान, नोंदवायला दिलं. दोन्ही कांजी यादीतलेच होते, तरी प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी त्यांनी दुसरं नाव ठेवलं. 26 मे 2025 पासून कोसेकीत नावाचा उच्चारही नोंदला जातो, आणि कांजीशी मुळीच न जुळणारा उच्चार आता स्वीकारत नाहीत. 'आरव'ला मनाला येतील ते कांजी लावायचा बेत असेल तर सासूबाईंना विचाराच, पण कुयाकुशोतही आधी दाखवून या.

मुदती भिंतीवर लिहून ठेवा. जन्मनोंदणी 14 दिवसांत. दोघंही भारतीय असाल तर बाळाच्या व्हिसाचा अर्ज जन्मापासून 30 दिवसांत आणि भारतीय दूतावासातली नोंद वर्षाच्या आत. तिन्ही ठिकाणी बाळाच्या नावाचं स्पेलिंग एकच ठेवा, आणि सही करण्याआधी दोघांनी वेगवेगळं वाचून बघा.