खानदेशातून लडाखच्या गोठलेल्या तळ्यांवर स्केटिंगला निघताना

थर्मल, लोकरीचे मोजे, गॉगल आणि हेल्मेट यांविषयी कोणीही सांगेल, म्हणून त्यांवर शब्द खर्च करीत नाही. सुरुवात टोच्यांपासून करावी; बर्फ खचून पाण्यात पडल्यास तेच रोवून बाहेर येता येते. लाकडी मुठीचे, पुढे पोलादी टोक असलेले आणि दोरीने एकमेकांना जोडलेले दोन टोचे बर्फावर पाऊल टाकण्याआधी गळ्यात असले पाहिजेत. विकत मिळाले नाहीत तर आपल्याकडचा कोणताही सुतार दोन मुठी आणि दोन जाड खिळे यांतून ते करून देईल. टोकदार वस्तू विमानात हातातल्या बॅगेत चालत नाहीत, त्यामुळे टोचे मोठ्या सामानात जातात आणि तेथेच विसरले जातात. मागच्या खेपेस माझे असेच खोलीवर राहिले आणि नेमका काठाजवळचा बर्फ खचला. पाणी कमरेइतकेच होते, म्हणून निभावले.

जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरवर, तर लेह सुमारे साडेतीन हजार मीटरवर आहे. भुसावळहून रेल्वेने दिल्लीला आणि तेथून विमानाने थेट लेहला पोहोचल्यावर पहिले दोन दिवस विश्रांतीचेच मानावेत. ‘मला काही होत नाही’ म्हणणाऱ्यांचेच डोके आधी दुखू लागते. चाकांच्या स्केट्सवर सराव झालेल्यांनी हेही ध्यानात घ्यावे की बर्फावरच्या पात्याला दोन्ही कडांना धार असते आणि थांबण्यासाठी पाती आडवी करून घासावी लागतात. हे आधी लेहमधल्या एखाद्या वापरातल्या रिंकवर शिकावे.

आता बर्फ. थंडी किती पडली यावरून जाडी ठरवू नये, कारण वर साचलेला भुसभुशीत हिमाचा थर पांघरुणाचे काम करतो आणि खालचा बर्फ वाढू देत नाही. गिरमिटाने भोक पाडून मोजावे, आणि पुढे सरकताना पुन्हा पुन्हा मोजावे. पारदर्शक, काळसर दिसणारा टणक बर्फ किमान दहा सेंटीमीटर हवा; पांढरा, दुधी बर्फ साधारण निम्म्याच ताकदीचा असल्यामुळे तो दुप्पट हवा. ओढा जेथे तळ्यात शिरतो वा बाहेर पडतो तेथे, झऱ्यांच्या तोंडाशी आणि पाण्यातून डोके काढलेल्या खडकांभोवती तो पातळ असतो. पँगाँगचे पाणी खारट आहे, आणि खारट पाण्याचा बर्फ तेवढ्याच जाडीच्या गोड्या पाण्याच्या बर्फाहून कमजोर असतो. हिवाळा सरताना तर जाडीवरही विसंबू नये, कारण उन्हाने बर्फ आतून उभ्या कांड्यांत सुटत जातो. स्थानिक माणूस ‘नको’ म्हणाला की वाद घालू नये.

आणि टोचे गळ्यात आहेत ना? सामानात नव्हे, जॅकेटच्या आतल्या खिशातही नव्हे, गळ्यात. बर्फगार पाण्यात पहिला मिनिटभर श्वास ताब्यात राहत नाही, आणि त्यानंतर हातांत काम करण्याजोगी ताकद सुमारे दहा मिनिटेच उरते. तेवढ्या वेळात चेन उघडून वस्तू शोधणे कोणालाही जमत नाही. ओल्या कडेवरून हातमोजे घसरतात, टोचे मात्र रुततात. ज्या दिशेने आलो तिकडेच तोंड वळवावे, कारण तिकडच्या बर्फाने आपला भार पेलला होता. टोचे रोवून पाय मारत अंग आडवे वर ओढावे आणि उभे न राहता लोळत दूर जावे. हे घरी फरशीवर आडवे पडून दोनदा करून पाहावे, हसणारे हसोत.

एकट्याने जाऊ नये. सोबत्याकडे फेकता येईल असा दोर असावा, आणि त्याच्याही गळ्यात टोचे. कोरडे कपडे जलरोधक पिशवीत, चहा थर्मासमध्ये, मोबाइल अंगालगत, कारण थंडीत बॅटरी लवकर मान टाकते. खायला चिक्की पुरे. केळी तेथे दगड होतात. ऊन कलण्याआधी काठावर यावे, पाती पुसून कोरडी करावीत.