मेकॅनिकलला निघालेल्या भाचीसाठी तयारीची यादी

प्रवेश पक्का झाल्याचं सांगायला फोन केलास आणि लगेच विचारलंस, "मावशी, मला पुढे मॅनेजमेंटकडे वळायचंय, तर तयारी कुठून करू?" वर्कशॉपपासून कर. आमच्या चाकणच्या प्लांटमध्ये जे चांगले मॅनेजर झाले, त्यांचे हात आधी ऑइलने माखलेले होते.

कागदपत्रांचं आधी उरकून टाक. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, जातीचा आणि नॉन-क्रीमीलेअरचा दाखला, या सगळ्यांच्या मूळ प्रती एका फाइलमध्ये ठेव आणि बँक खातं आधारला जोडून घे. महाडीबीटीचा, म्हणजे राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज शेवटच्या आठवड्यावर ढकलू नकोस. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी घरातल्या मुलींची ट्यूशन फी २०२४-२५पासून शासन भरतं, ती सवलत आळसापायी हातची घालवू नये.

मग अप्पा बळवंत चौक. मिनी ड्राफ्टर, २एच आणि एचबी पेन्सिली, शीट ठेवायची नळी. पुस्तकं मात्र जुनी चालतील. ड्रॉइंगला कंटाळू नकोस. वस्तू समोरून, वरून, बाजूने कशी दिसते ते कागदावर मांडायला आपल्याकडे फर्स्ट अँगल प्रोजेक्शन वापरतात, ते डोळे मिटून दिसायला हवं, कारण पुढे सप्लायरशी वाद होतो तो बहुतेक वेळा ड्रॉइंगवरच्या एखाद्या टॉलरन्सवरूनच, म्हणजे मापात किती फरक चालेल यावरूनच.

वर्कशॉपसाठी जाड सुती एप्रन आणि सेफ्टी शूज घे. वेणी घट्ट बांधून एप्रनच्या आत घाल, बांगडी-अंगठी काढून ठेव. लेथ चालू असताना हातमोजे घालायचे नाहीत, जॉब पकडून फिरणारा चक त्यांच्यासकट हात ओढून घेतो. व्हर्नियरवर ०.०२ आणि मायक्रोमीटरवर ०.०१ मिलिमीटर न अडखळता वाचता येईपर्यंत सराव कर.

आता जे अभ्यासक्रमात उशिरा येतं किंवा येतच नाही, ते. मी ट्रेनी असताना भोसरीच्या एका शॉपमध्ये सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ कमी करायचा म्हणून कागदावर हिशोब मांडला आणि फीड, म्हणजे कापणारं टूल पुढे सरकण्याचा वेग, वाढवायला सांगितला. मशीनवरचे काका म्हणाले, "ताई, या लॉटच्या कास्टिंगची साल कडक आहे." मी ऐकलं नाही. जेवणाच्या सुट्टीआधी इन्सर्टच्या, म्हणजे टूलच्या टोकाला बसवलेल्या पात्यांच्या कडा उडाल्या आणि दुपारभर मशीन उभं राहिलं. हिशोब चुकला नव्हता. विचारायचं राहिलं होतं. त्या दिवसापासून मी कुठल्याही मशीनसमोर आधी दहा मिनिटं नुसती उभी राहते. तूही ही सवय पहिल्याच वर्षी लावून घे. आयटीआयवाल्या इन्स्ट्रक्टर सरांना प्रश्न विचार, त्यांच्याकडून वही भरून घे.

आकडे वाचायलाही आत्तापासून शीक. मशीन ठरलेल्या वेळेच्या ९० टक्के चाललं, वेग ठरल्याच्या ८० टक्के मिळाला आणि ९५ टक्के माल चांगला निघाला, तर तिन्हींचा गुणाकार ६८.४ टक्के येतो. याला ओईई म्हणतात. प्रत्येक आकडा सुटा ठीक दिसतो, तरी क्षमतेचा जवळपास तिसरा हिस्सा वाया जातो. तो नेमका कुठे गेला हे शोधणं हेच माझं रोजचं काम. एक्सेल पक्कं कर, कॉस्टिंगचं एखादं साधं पुस्तक वाच.

दुसऱ्या वर्षी कॉलेजच्या बाहा टीममध्ये शिर, ही विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी बनवून उतरायची स्पर्धा. तिथे गाडी नुसती पळवून भागत नाही, कॉस्ट रिपोर्टलाही गुण असतात. शक्य झालं तर खरेदीचं काम मागून घे. वेल्डिंगवाल्याकडून तारखेला फ्रेम मिळवणं आणि रुसलेल्या टीममेटला परत कामाला लावणं, हे कुठल्या लेक्चरला शिकवत नाहीत.

परीक्षांचं थोडक्यात. एम.टेक.च्या प्रवेशासाठीची गेट तिसऱ्या वर्षापासून देता येते आणि स्कोअर तीन वर्षं चालतो. मुंबईची नीटी ही संस्था, १९६३पासून इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगसाठी ओळखली जाणारी, २०२३मध्ये आयआयएम मुंबई झाली. तिथल्या एमबीएला प्रवेश कॅट या परीक्षेतून. पण माझं ऐकशील तर आधी दोन-तीन वर्षं शॉपफ्लोअरवर नोकरी कर. मग वर्गात केस स्टडी आली की तुला त्यातली माणसं दिसतील.

दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस माझ्याबरोबर चाकणला चल, परवानगी मी काढून ठेवते. पहिली पाळी सातला लागते, म्हणून कोथरूडहून साडेपाचला निघू. सेफ्टी शूज घालूनच ये, सँडलवर गेटच्या आत सोडत नाहीत.