काचेचा जुना शिक्का लाखेवर उमटवताना या चुका टाळा

पितळी शिक्क्यावर हात बसलेला माणूस काचेच्या शिक्क्याची हमखास वाट लावतो. पितळ लाखेतली उष्णता झटकन ओढून घेतं, म्हणून शिक्का अलगद सुटतो. काचेला ते जमत नाही. लाख चिकटते, मग ओढाओढ, आणि शेवटी काचेचा टवका.

तेव्हा लाख टपकवल्यावर जरा थांबा. वरची चकाकी मंदावली की शिक्क्यावर तोंडाने ‘हाऽ’ करून वाफ सोडा आणि सरळ दाबा. तेवढी ओल पुरते. लाख पूर्ण निवेपर्यंत उचलू नका. शिक्का बर्फावर गार करायची युक्ती पितळेसाठी ठीक. थंडगार काच गरम लाखेवर टेकली तर तडकू शकते.

तरीही चिकटलीच, तर सुईने कोरू नका. खरी लाख स्पिरिटमध्ये विरघळते. पण शिक्का स्पिरिटमध्ये बुडवून ठेवणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. काच धातूच्या कोंदणात पुष्कळदा लाखेसारख्याच चिकटीने बसवलेली असते. डाग निघतो आणि काचही हातात येते. कापसाच्या बोळ्यावर थेंबभर स्पिरिट घ्या, फक्त कोरीव भाग पुसा. काचेमागे वर्ख असेल तर सांध्यात पाणीसुद्धा जाऊ देऊ नका, तो काळवंडतो.

अक्षरं उलटी दिसली म्हणून शिक्का सदोष ठरत नाही. ठशात ती सुलटी येतात. मी आधी पिठी भुरभुरलेल्या घट्ट कणकेवर दाबून बघते. चोचीत पत्र धरलेलं कबुतर पहिल्यांदा नीट दिसलं ते पोळीच्या गोळ्यावर!

खरेदीत फसगत होते ती चित्रामुळे. ग्रीक देवतेचा मुखवटा दिसला की विकणारा ‘प्राचीन खडा’ म्हणतो. पण स्कॉटलंडचा जेम्स टॅसी १७६६ मध्ये लंडनला आला आणि जुन्या कोरीव खड्यांचे साचे घेऊन काचेत नकला ओतत राहिला. १७९१ च्या त्याच्या यादीत १५,८०० च्या आसपास नमुने होते. रशियाच्या कॅथरीन राणीनेही त्याच्याकडून संग्रह मागवला होता. म्हणजे चित्र जुनं असलं तरी वस्तू तितकी जुनी असेलच असं नाही. दहापट भिंगाखाली बारीक बुडबुडे आणि गोलसर, मऊ कडा दिसल्या तर बहुधा ओतीव काच. खरा खडा ओठाला काचेपेक्षा जास्त गार लागतो. काही महाभाग चाकूने ओरखडून पाहतात. काच आहे हे कळतंही, फक्त ओरखडा कायमचा राहतो.