तंजावरला चार मुक्काम : चोळांची देवळे, कावेरीचे पाणी आणि भिंतीवरची मराठी

दक्षिण भारताच्या बहुतेक मराठी सहलींमध्ये तंजावरच्या वाट्याला जेमतेम दोन तास येतात. तिरुचिरापल्लीहून निघून रामेश्वर गाठायच्या घाईत मोठे देऊळ उरकले जाते आणि गाडी पुढे सुटते. ज्या गावात व्यंकोजी राजांपासून 1855 पर्यंत भोसल्यांची गादी होती आणि जिथे मराठी ही दरबाराची भाषा होती, ते गाव मराठी माणसाने तरी इतक्या घाईत पाहू नये, असे मला मनापासून वाटते. हाताशी चार मुक्काम असतील तर तंजावर, त्याच्या आसपासची चोळकालीन देवळे आणि कावेरीचा त्रिभुज प्रदेश नीट पाहून होतो.

काळ ठरवताना दोन पाण्यांचा विचार करावा. पहिले कावेरीचे. मेट्टूर धरणातून शेतीसाठी पाणी सोडण्याची परंपरागत तारीख 12 जून असून ते साधारण जानेवारीअखेरपर्यंत चालते. त्यानंतर नदीच्या पात्रात बहुतेक वाळूच दिसते. दुसरे पावसाचे. इथला मुख्य पाऊस आपल्यासारखा आषाढ-श्रावणात पडत नाही, तो ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर ऑक्टोबर ते डिसेंबरात येतो. म्हणून डिसेंबरचा मध्य ते जानेवारीची अखेर हा काळ उत्तम ठरतो: पाऊस ओसरलेला, नदीत पाणी आणि दोन्ही बाजूंना भाताची हिरवी किंवा पिवळी पडत चाललेली खाचरे. याच काळात पोंगल येतो आणि पौष वद्य पंचमीला तिरुवैयारूला कर्नाटक संगीताचे संतकवी त्यागराज यांची आराधना होते. त्या दिवसांत जायचे असल्यास राहण्याची सोय बरीच आधी करून ठेवावी.

महाराष्ट्रातून आगगाडीने येणाऱ्यांनी चेन्नई गाठून तिथल्या एग्मोर स्थानकावरून रात्रीची उळवन एक्सप्रेस धरली, तर ती सकाळी तंजावरला पोचवते. मुंबईकडच्या बहुतेक गाड्या मात्र चेन्नई सेंट्रलला येतात आणि ही दोन्ही स्थानके वेगळी आहेत, हे तिकीट काढतानाच ध्यानात ठेवावे. विमानाने येणाऱ्यांना तिरुचिरापल्ली जवळ पडते. तिथून मोटारीने सुमारे दीड तास लागतो. मुक्काम रेल्वे स्थानक आणि जुना बसतळ यांच्या दरम्यान करावा, म्हणजे देऊळ आणि राजवाडा दोन्ही जवळ राहतात. दूरच्या बस गावाबाहेरच्या नव्या बसतळावरून सुटतात. हिंदीचा इथे फारसा उपयोग होत नाही. रिक्षावाल्याला ‘बृहदीश्वर’ म्हणण्याऐवजी ‘पेरिय कोविल’, म्हणजे मोठे देऊळ, असे सांगावे.

या देवळाला दोनदा जावे: पोचल्या दिवशी संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर. दुपारी गाभारा बंद असतो आणि फरसबंदी इतकी तापते की अनवाणी चालवत नाही. जाड मोजे जवळ ठेवलेले बरे. राजराज चोळाने 1010 मध्ये पूर्ण केलेल्या या देवळाचे विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचे शिखर, साठ मीटरहून उंच आहे आणि ते सगळे ग्रॅनाइटचे आहे. त्याची सावली जमिनीवर पडत नाही, असे सांगणारे पुष्कळ भेटतात, पण सावली पडते. थोडे उन्हात थांबले तर कोणालाही ती दिसते, आणि खरे नवल तिच्यात नाहीच. ते जोत्यावर आहे. जोत्याभोवती फिरत राहिले की तमिळ अक्षरांच्या ओळीमागून ओळी लागतात. देवाला मिळालेली गावे, सोन्याचे दागिने, दिव्यांसाठी दिलेली गुरे, इतकेच काय, देवळाच्या सेवेतल्या चारशे नर्तकींची नावे आणि त्यांची घरे कुठल्या गल्लीत कितवी, हेही तिथे कोरलेले आहे. हजार वर्षांपूर्वीच्या एका संस्थेची चोपडीच दगडात जपली गेली आहे. आतल्या प्रदक्षिणामार्गावरची चोळकालीन भित्तिचित्रे सर्वांसाठी खुली नसतात, त्यामुळे ती पाहायला मिळतील असे धरून जाऊ नये.

आता मराठी वाचकाचे खरे काम. आवाराच्या कडेने ओवऱ्या आहेत. त्यांतून नैर्ऋत्य कोपऱ्याकडे जावे. तिथल्या भिंतींवर भोसले वंशाची बखर कोरलेली आहे. दुसऱ्या सरफोजी राजांनी 1803 मध्ये ती कोरवून घेतली आणि मराठीतल्या सर्वांत मोठ्या शिलालेखांत तिची गणना होते. सगळी वाचायला दिवस पुरणार नाही, पण दहा-पंधरा ओळी सावकाश लावून पाहाव्यात. तमिळ देशातल्या चोळांच्या देवळात आपल्या भाषेतली वाक्ये एकेक करून उलगडू लागतात, तेव्हा भरून येते. सकाळचे तिरपे ऊन असताना अक्षरे अधिक ठळक दिसतात. लेखावर बोट किंवा खडू फिरवू नये.

तिथून राजवाडा जवळ आहे. उन्हाची वेळ तिथे घालवावी. चोळकालीन कांस्यमूर्तींचा संग्रह पाहण्यासाठी किमान दीड तास ठेवावा. शिल्पकार फ्लॅक्समनने घडवलेला सरफोजींचा संगमरवरी पुतळाही तिथेच आहे. सरस्वती महाल ग्रंथालय याच आवारात असून त्याची साप्ताहिक सुट्टी आधी विचारून घ्यावी. पर्यटकांना ग्रंथालयाचे संग्रहालय पाहता येते. पोथ्या अभ्यासायच्या असतील तर आधी रीतसर परवानगी घ्यावी लागते. भोसल्यांआधीच्या नायक राजांच्या काळापासूनच्या या संग्रहाला सरफोजींनी आजचे रूप दिले. त्यात मराठी हस्तलिखिते आहेत, मोडी कागद आहेत आणि राजांच्या देखरेखीखाली उपचार झालेल्या नेत्ररुग्णांची चित्रांसह टिपणेही आहेत. गावात काही घरांतून आजही तंजावरी मराठी बोलली जाते. तिच्यातले शब्द आणि हेल आपल्याला अनोळखी वाटले तरी ती मोडकी मराठी नव्हे. साडेतीनशे वर्षे दूर राहून जपलेली ती वेगळी बोली आहे, आणि तशाच आदराने ती ऐकावी.

तिसरा दिवस कुंभकोणम् बाजूचा. मोटार ठरवून सकाळी साडेसहाला निघावे आणि आधी सर्वांत दूरचे, सुमारे सत्तर किलोमीटरवरचे गंगैकोंडचोळपुरम् गाठावे. राजराजाचा मुलगा राजेंद्र याने ही नवी राजधानी वसवली. बापाच्या देवळाचे विमान सरळ रेषेत वर चढते, मुलाच्या देवळाचे मात्र आत वळत जाते. आदल्या दिवशीचे चित्र डोळ्यांपुढे ताजे असेल तर हा फरक लगेच जाणवतो. शिव आपला भक्त चंडिकेश्वर याच्या मस्तकाला स्वतःच्या हाताने माळ गुंडाळतो आहे, ते शिल्प चुकवू नये. परतताना कुंभकोणमला केळीच्या पानावर जेवून दुपारी स्वामीमलईला मूर्तिकारांच्या कार्यशाळा पाहाव्यात. मेणाच्या मूर्तीवर कावेरीच्या गाळाच्या मातीचे थर देतात, भाजल्यावर मेण वितळून निघून जाते आणि त्या पोकळीत धातूचा रस ओततात. साचा फोडूनच मूर्ती बाहेर काढावी लागते, म्हणून प्रत्येक मूर्ती एकुलती एक असते. देवळे चारच्या सुमारास उघडली की दारासुरमला जावे. दुसऱ्या राजराजाचे हे बाराव्या शतकातले देऊळ उंचीने लहान, पण कोरीवकामाने भरलेले आहे. पुढचा मंडप रथासारखा आहे, आणि भिंतीच्या तळाशी त्रेसष्ट शिवभक्तांच्या कथा हातभर उंचीच्याही नसलेल्या चौकटींत कोरल्या आहेत. त्या वाकून, बसून पाहाव्या लागतात. तीनांपैकी एकच देऊळ पुन्हा पाहायचे झाले तर मी दारासुरम निवडेन.

चौथा दिवस पाण्याचा. पहाटे निघून अरियलूरच्या बाजूच्या करैवेट्टी तलावावर जावे. हा पाणथळ रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आहे आणि हिवाळ्यात तिथे पट्टेरी डोक्याचे हंस हिमालय ओलांडून येतात. दुर्बीण न्यावी आणि भडक रंगाचे कपडे टाळावेत. तिथून तिरुवैयारूला उतरून पंचनदीश्वराचे देऊळ दुपारपूर्वी पाहावे आणि मग नदीकाठच्या त्यागराजांच्या समाधीपाशी थोडे बसावे. पुढे कावेरीच्या काठाने तिरुक्काट्टुपळ्ळीवरून जाणारा रस्ता कल्लणै बंधाऱ्यापर्यंत नेतो. करिकाल चोळाच्या नावाशी जोडलेला हा बंधारा जगातल्या सर्वांत जुन्या वापरातल्या बंधाऱ्यांपैकी मानला जातो; आजचे त्याचे रूप एकोणिसाव्या शतकापासूनच्या दुरुस्त्यांनंतरचे आहे. कावेरीचे पाणी इथे कावेरी, वेण्णार, कोळ्ळिडम आणि कालवा अशा वाटांनी विभागले जाते. देवळांच्या जोत्यांवर नोंदलेली भाताची मापे कुठून आली, याचे उत्तर इथे उभे राहिल्यावर डोळ्यांसमोर असते. दरवाजे उघडे असताना पाण्यात उतरू नये. वरून संथ वाटणाऱ्या या प्रवाहाला खाली जबरदस्त ओढ असते.

आणखी एक दिवस मिळाला तर पट्टुकोट्टैच्या पुढे समुद्रकाठी मनोरा पाहता येईल. नेपोलियनवरच्या इंग्रजांच्या विजयानिमित्त सरफोजींनी उभारलेला हा षट्कोनी, आठ मजली बुरूज पाहताना मराठी मन थोडे खट्टू होते, कारण तोवर राज्याची सत्ता इंग्रजांकडे गेलेली होती. त्याच्या समोरच्या पाल्कच्या उपसागरात आता समुद्रगाईंसाठी राखीव क्षेत्र आहे. किनाऱ्यावर सावली कमी आहे, म्हणून पिण्याचे पाणी आणि छत्री बरोबर घेऊन सकाळीच निघावे आणि ऊन चढायच्या आत परतीला लागावे.